आधी नाव वाचा

आमच्या गल्लीत रोज सकाळी एका वारलेल्या माणसाचं नाव मोठमोठ्यानं पुकारलं जातं. कधी बाईच्या आवाजात, कधी पोराच्या, कधी एखाद्या म्हाताऱ्याच्या कापऱ्या आवाजात. कुणाच्या घरी आलेला पाव्हणा चहाचा कप खाली ठेवून विचारतो, "कोण हरवलंय का हो?" आम्ही सांगतो, हरवलं कुणी नाही. मालनकाकीच्या गिरणीत दळपाचे पैसे देणं चाललंय.

मालनकाकी म्हणजे आमच्या शेजारची. पलूसपासून थोडं आत आमचं गाव आहे, आणि गावात दोन पिठाच्या गिरण्या आहेत. दुसऱ्या गिरणीत भिंतीवर क्यूआर कोडचा एक कागद चिकटवलाय. माणूस मोबाइल धरतो, पैसे पाठवतो, डबा उचलतो आणि जातो. काकीकडं तसं चालत नाही. तिच्या दोन अटी आहेत. एक, पैसे शक्यतो मोबाइलवरूनच द्यायचे. दोन, पैसे कुणाला चाललेत ते नाव आधी मोठ्यानं वाचायचं.

आपण कोडवर मोबाइल धरला की आपल्या मोबाइलवर समोरच्याचं नाव येतं. ते आपण मनातल्या मनात वाचतो. खरं सांगायचं तर वाचतच नाही, नुसतं बोट दाबतो. काकी तिथंच अडवते.

"आदी नाव वाच."

"अगं काकी, तुझंच खातं हाय की."

"माजं कुठं हाय? वाच."

"दिनकर हिंदुराव माने."

"मोट्यानं. गिरणी चालू हाय."

"दिनकर हिंदुराव माने!"

"व्हय, त्येच. दाब आता."

मग पीठ मिळतं. नाव वाचल्याशिवाय नाही.

हा कोड ती कागदावर ठेवत नाही. तो तिच्या टॅबलेटवर असतो. टॅबलेटला ती पाटी म्हणते. "पाटी आन गं आतली," असं तिनं सांगितलं की नवीन माणूस खडूची पाटी शोधत बसतो. पाटीला उशीच्या अभ्र्याची पिशवी आहे, त्याच्या आत प्लॅस्टिकचं कव्हर आहे, आणि तरीसुद्धा पाटीच्या कडांना कायम शाळूचं पीठ असतं. गिऱ्हाईक आलं की काकी ती पिशवीतून काढते, पदराच्या टोकानं पुसते आणि दोन्ही हातांनी छातीसमोर धरून उभी राहते. लग्नात नवरीसमोर करवली आरसा धरते ना, अगदी तसं.

तिच्या उजव्या हाताच्या करंगळीबद्दल सांगायलाच पाहिजे. पिठाचा हात पडद्यावर चालत नाही, हे तिला फार लवकर कळलं. म्हणून तिनं ती करंगळी पाटीसाठी राखून ठेवली आहे. दिवसभर ती धान्य ओतते, डबे सरकवते, पीठ चाचपून बघते, पण करंगळी उंच उभी. जेवताना विसरून तशीच वर राहते. आई म्हणते, मालनची करंगळी बघितली की मला वाटतं ही कायम वर्गात उत्तर द्यायला हात वर करतीया.

पैसे घेताना एवढा कडकपणा, तर देताना विचारूच नका. कोपऱ्यावरच्या चहावाल्याचे किंवा पट्टा बसवणाऱ्या मिस्त्रीचे पैसे द्यायचे असले की ती आधी रांगेला हुकूम सोडते, "तोंडं फिरवा समद्यांनी. पिन घालायचीया." सगळे भिंतीकडं तोंड करून उभे राहतात. मग काकी करंगळीनं एकेक आकडा दाबते आणि दाबताना तो मोठ्यानं म्हणते. सवयच आहे तिची. सगळ्या गल्लीला तिचा पिन पाठ आहे. मी एकदा भीतभीत सांगितलं, "काकी, आकडे मनात म्हणायचे असतात." तर ती म्हणाली, "मनात म्हनलं तर बोटाला कसं कळंल?"

मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, सांगलीला. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच, त्यामुळं गावाला वाटतं मला सगळंच कळतं. कुणाचा मोबाइल अडकला, कुणाला बँकेचा मेसेज आला, की "सांगलीवाली कुठाय?" म्हणून विचारतात. मला निम्मं येत नाही. पण न येणारं येत नाही असं सांगायला मला अजून जमत नाही, म्हणून मी वसतिगृहातल्या मैत्रिणींना विचारून विचारून सांगते.

तर मलाही बरेच दिवस वाटायचं, सगळ्यांना वाटतं तेच खरं. मधे गावातल्या एकाचे पैसे भलत्याच माणसाला गेले होते. तेव्हापासून काकी घाबरली असेल, म्हणून नाव वाचून घेते. ग्रामसभेत सरपंचांनी तर तिचं उदाहरण दिलं. म्हणाले, "मालनताईंकडं बघा, या वयात किती दक्षता! रोकड घेत न्हाईत, नाव तपासल्याशिवाय व्यवहार करत न्हाईत. ह्येला म्हनतात नवा जमाना." काकी पाठीमागं बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला. आम्हाला वाटलं लाजली.

रोकड मात्र ती खरंच मनापासून घेत नाही. माझे वडील नोट पुढं करतात तेव्हा तिचा चेहरा पडतो. "भावजी, फोन न्हाई व्हय आनला? पोरीला धाडायचं की फोन घिऊन." एकदा गल्लीतल्या एका पोरानं शक्कल केली. पाटीवरच्या कोडचा फोटो काढून ठेवला आणि घरात बसून पैसे पाठवले, मग डबा न्यायला आला. पैसे आले होते, पाटी वाजली होती. पण काकीनं डबा दिला नाही.

"पैसं आलं की काकी!"

"पैसं आलं. नाव कुठं आलं?"

त्यानं तिथंच उभं राहून, काही न पाठवता, नुसतं नाव म्हटलं. मग डबा मिळाला. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की यात फसवणुकीचा काही संबंध नसावा. पण ते तेवढ्यापुरतंच. परीक्षा होती, मी सांगलीला निघून गेले.

तिचं आवडतं गिऱ्हाईक म्हणजे बापूआण्णा. फौजेतनं हवालदार म्हणून निवृत्त झालेले. आण्णा नाव वाचत नाहीत, हजेरी घेतात. टाचा जुळवतात, मोबाइल हातभर लांब धरतात आणि एकेक शब्द सोडतात, "दिनकर! हिंदुराव! माने!" त्यांचा आवाज गिरणीच्याही वर जातो. आण्णा आले की काकी त्यांना पुढं घेते आणि रांगेनं कुरकुर केली की म्हणते, "आवं, म्हातारा मानूस हाय." आण्णांच्या मागं त्यांच्यापेक्षा म्हातारी माणसं उभी असतात.

एकदा दिवाळीच्या सुट्टीत मी रांगेत होते. आण्णांनी हजेरी घेतली आणि मागनं कुणीतरी चेष्टेत ओरडलं, "हजर!"

सगळी रांग हसली. आण्णाही हसले. काकी हसली नाही. तिनं दाराकडं बघितलं. फक्त एकदाच. मग पाटी पिशवीत घातली आणि म्हणाली, "पुडं चला, पुडं चला."

दिनकर हिंदुराव माने म्हणजे काकीचे मालक. त्यांना जाऊन दोन-अडीच वर्षं झाली. पण गंमत अशी, की ते असताना हे नाव कुणीच घेत नव्हतं. सगळं गाव त्यांना तात्या म्हणायचं. त्यांचं नाव दिनकर आहे हे मला गिरणीत दळपाचे पैसे द्यायला लागल्यावर कळलं. काकी तर त्यांना "आवं" म्हणायची. "आवं, पट्टा निसटलाय." "आवं, जेवताय न्हवं?" गिरणीच्या आवाजात तात्यांना ते "आवं" बरोबर ऐकू यायचं.

पाटी त्यांनीच आणलेली. डोळ्यांनी दिसेना झालं, मोबाइलची अक्षरं बारीक वाटायला लागली, म्हणून सांगलीला जाऊन ते टॅबलेट घेऊन आले. खातं त्यांचं, पाटीतलं सिमकार्ड त्यांचं, कोडच्या वर मोठ्या अक्षरांत नाव त्यांचं. तात्या खुर्चीत बसून पाटी बघायचे आणि काकी धान्य ओतायची. एका सकाळी खुर्चीतच गेले. तेरावं झाल्यावर काकीनं गिरणी उघडली, पाटी पुसली आणि तशीच वापरायला लागली.

"बँकेला सांगितलं नाहीस?" मी नंतर विचारलं होतं.

"बँकेनं इचारलं न्हाई. मी सांगितलं न्हाई."

पण या वर्षी बँकेनं विचारलं. पाटीवर मेसेज आला. मी शनिवारी गावी आले तर काकी आमच्या उंबऱ्यात पाटी घेऊन बसलेली. "हे काय म्हनतंय बघ." मेसेजात लिहिलं होतं, की खातेदारानं स्वतः कागदपत्रं घेऊन शाखेत यावं, नाहीतर खातं बंद होईल.

मला कसं सांगावं कळेना. मी म्हणाले, "काकी, खातेदारानं स्वतः यायचंय."

"बरं."

"म्हणजे तात्यांनी."

मी पुस्तकात शिकल्यासारखं सांगत सुटले. मृत्यूचा दाखला द्यावा लागेल, त्यांचं खातं बंद होईल, त्यातलं काय ते तुझ्या नावावर येईल, तुझं नवं खातं निघेल, त्याचा नवा कोड मिळेल. अवघड काही नाही. मी दोन-तीनदा म्हणाले, अवघड काही नाही. काकीनं विचारलं, "मग कोडावर कुनाचं नाव येनार?"

"तुझं."

दुसऱ्या दिवशी गिरणी बंद होती. दारावर पाटीच्या पिशवीची नाडी बांधलेली, आणि काकी सगळ्यांना सांगत होती, पट्टा तुटलाय. बापूआण्णा आत डोकावून आले आणि मला हळूच म्हणाले, "पट्टा धड हाय की गं."

पुढचे काही दिवस तिनं काय काय केलं ते आईनं मला फोनवर सांगितलं. सविताला, म्हणजे कोरेगावला दिलेल्या लेकीला, तिनं फोन लावला. सविता म्हणाली, "आई, कशाला डोक्याला ताप? माझ्याच खात्याचा कोड लाव गिरणीत. मी तुला पैसे देत जाईन." काकीनं तिला पूर्ण नाव विचारलं. आईला सख्ख्या लेकीचं पूर्ण नाव माहीत नाही म्हणून सविता चिडली. "सविता प्रकाश जाधव!" काकी म्हणाली, "तुज्या नावाच्या मदी जावयबापू हायत गं. र्‍हाऊ दे." आणि फोन ठेवला. सवितानं माझ्या आईला फोन करून विचारलं, "मावशी, आमची आई बरी हाय न्हवं?"

शेवटी पुढच्या सोमवारी मी कॉलेज बुडवलं आणि आम्ही पलूसला बँकेत गेलो. काकीनं चांगलं लुगडं नेसलं होतं. पाटी पोटाशी धरलेली. बँकेतल्या मॅडम माझ्याहून फार मोठ्या नसतील. त्यांनी आधी थोडं रागावून सांगितलं, की माणूस गेल्यावर खातं असं वापरायचं नसतं. काकी मान हलवत राहिली. मग मॅडमनी कागद बघितले, शिक्के मारले, आणि सगळा गठ्ठा आत साहेबांकडं सहीला पाठवला. काम खरंच अवघड नव्हतं. अंगठा, सही, फोटो. फोटोच्या वेळी काकीनं करंगळी वर केली होती, ती मी हळूच खाली घेतली.

"आता गिरणीच्या कोडवर नाव काय टाकू?" मॅडम म्हणाल्या, आणि आपणच टाइप करून पडदा आमच्याकडं वळवला. "हे बघा, असं येईल."

काकी चौथी शिकलेली आहे. तिला वाचता येतं, सावकाश. तिनं पडद्याकडं बघितलं. मग मॅडमकडं.

"वाचा की."

"मालन माने," मॅडमनी वाचलं.

"मदलं?"

"मधलं लागत नाही काकू. कोडवर छोटंच नाव टाकतो आम्ही."

"कुनाला लागत न्हाई?"

मॅडमनी वर बघितलं. मागं रांग होती. कुणीतरी घसा खाकरला. काकी खुर्चीच्या अगदी कडेला येऊन बसली होती आणि तिचा आवाज गिरणीत असतो तसा मोठा झाला होता.

"न्हाई बाई, मला लागतंय. मदलं नाव नसंल तर मला कोड नगं. खातं बी नगं. चल गं."

"अहो काकू, बसा, बसा. टाकते ना." मॅडमनी कीबोर्ड ओढला. "सांगा. मिस्टरांचं नाव काय?"

कागद आत गेले होते. मॅडमची बोटं कीबोर्डवर थांबलेली. आणि काकी गप्प.

मला आधी वाटलं, तिनं ऐकलं नाही. मी तिच्याकडं बघितलं. तिचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. सगळ्या गावाकडनं ते नाव इतक्या वेळा वाचून घेतलेली बाई, आणि तिला ते म्हणता येत नव्हतं. आमच्याकडं तिच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मला हे माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. पण गिरणीशी त्याचा संबंध मी कधी जोडलाच नव्हता.

मी सांगायला तोंड उघडलं, तर काकीनं माझा दंड दाबला. पिशवीची नाडी सोडली. पाटी काढली, पदरानं पुसली, करंगळीनं उघडली आणि दोन्ही हातांनी छातीसमोर धरून त्या मॅडमसमोर उभी राहिली.

"वाचा."

मॅडमनी वाचलं. "दिनकर हिंदुराव माने."

बँकेत गिरणी नव्हती. तरी काकी म्हणाली, "जरा मोट्यानं."

का कुणास ठाऊक, पण मॅडमनी काही विचारलं नाही. त्या पुढं झुकल्या आणि स्पष्ट आवाजात परत वाचलं. "दिनकर हिंदुराव माने."

"व्हय," काकी म्हणाली. "त्येच. त्यातलं पैलं आमच्या मदी घाला."

परत येताना आम्ही वडापच्या जीपमध्ये मागं बसलो होतो. दोन्ही बाजूंना ऊस, आणि मागच्या बाकावर आम्ही दोघीच. काकी बाहेर बघत बोलायला लागली.

"तवा संक्रांतीला बायका मागं लागायच्या. मालन, नाव घे. मालन, नाव घे. मी पळायची. आतल्या खोलीत जाऊन दार लावायची. तुजी आई वडत आनायची मला भायेर." ती थोडी हसली. "लय पळाले बघ. घ्याला पायजे हुतं."

मी तिच्याजवळ सरकून बसले.

"आता कोन म्हनतंय मला नाव घे? कुकवालाच बोलवत न्हाईत. आन समदं गाव तात्या तात्या. सवी पप्पा म्हनायची. त्येंचं नाव कुनाच्या तोंडात हुतं? एक त्या पाटीवर तेवडं हुतं."

जीप खड्ड्यात आदळली तसं तिनं पाटी परत पोटाशी धरली.

नवा कोड पाटीवर बसवायला मला दोन शनिवार लागले, कारण मधे काहीतरी चुकत होतं आणि मैत्रिणींनाही ते कळत नव्हतं. शेवटी जमलं. गिरणी पुन्हा सुरू झाली. बापूआण्णा पहिल्या दिवशी हजेरीला उभे राहिले आणि नवं नाव वाचताना अडखळले. फौजेत त्यांनी बाईच्या नावाची हजेरी कधी घेतली नसावी. "मालन!" म्हणाले, आणि काकीकडं बघून कानापर्यंत लाल झाले. रांगेत हसू फुटलं. काकी म्हणाली, "आवं आण्णा, पुडं चला की. गाडी मदल्या ठेसनावर न्या." तेव्हा त्यांनी टाचा जुळवल्या आणि "दिनकर!" अशी आरोळी ठोकली, की रस्त्यावरनं चाललेला एक सायकलवाला थांबला.

दिवाळीनंतर सांगलीला जायच्या आदल्या दिवशी मी शाळूचा डबा घेऊन गिरणीत गेले. दुपार होती, दुसरं कुणी नव्हतं. माझं दळप संपतच आलं होतं, तेवढ्यात लाइट गेली. गिरणी घरघरत घरघरत थांबली. रोज एवढा आवाज असतो, की तो बंद झाला की कानात काहीतरी राहिल्यासारखं वाटतं.

काकीनं पाटी धरली. मी मोबाइल धरला. नाव आलं आणि मी सवयीनं ओरडले, "मालन दिनकर माने!"

"अगं, हळू. लाइट गेलीया."

मी हळू वाचलं. आपण कुणाशी बोलतो तेवढ्या आवाजात.

"मदलं परत वाच," काकी म्हणाली.

"दिनकर."

"व्हय."

तिनं मान खाली घातली होती. पाटीची काच काळी झाली होती, आणि ती करंगळीनं तिच्या कडेचं पीठ काढत बसली. "दाब आता," असं ती बराच वेळ म्हणाली नाही. मीही दाबलं नाही.